दोन नळ्यांची नाळ

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करून मुलगा आणि सून बीडहून परत आले, तेव्हा सून सरळ आतल्या खोलीत गेली आणि मुलानं मला विचारलं, "आई, आज भाजी काय केलीस?" जन्मात कधी त्यानं भाजीची चौकशी केली नव्हती. ताटात पडेल ते खाली मान घालून खाणारा माणूस तो. मला तिथंच पहिली शंका आली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला आधी गृहपाठ दाखव म्हणायचे, आणि दहातल्या नऊ पोरांचं पोट तिथंच बरं व्हायचं. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिच्यापुढं देव जरी उभा राहिला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागंल. ते जाऊन काही वर्षं झाली, पण माझ्या स्वभावाला काही फरक पडला नाही.

"काय म्हनले डॉक्टर?" मी विचारलं.

"सगळं बरं हाय."

"मग ती आत कावून गेली?"

"दमली असंल."

नेकनूर ते बीड हा काय दमण्याचा प्रवास आहे? आमच्या गावचे लोक तर कोथिंबीर आणायलासुद्धा बीडला जाऊन येतात.

ही सुनेची दुसरी खेप. पहिली नात चार वर्षांची. आमच्या भागात पहिली मुलगी असली की दुसऱ्या खेपेच्या पाचव्या महिन्यात त्या घराकडं सगळ्या गल्लीचे कान लागलेले असतात. पोटातल्या मुली पाडण्यावरून आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात गाजलं ते काही उगाच नाही. तेव्हापासून इथल्या सोनोग्राफीच्या मशीनींवर कडक नजर आली, तपासणी करणारे फिरायला लागले. मग ज्यांना ते करायचंच असतं त्यांनी जिल्ह्याची हद्द ओलांडायला सुरुवात केली. चोराची वाट चोराला ठाऊक असते.

त्या दिवसानंतर घरात कुजबुज सुरू झाली. मी स्वयंपाकघरात गेले की दोघं गप्प. मुलगा फोन आला की अंगणात जायचा, आणि हा वीज मंडळात नोकरीला, फोनवर ओरडून बोलायची त्याला सवय. तो हळू बोलायला लागला म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. सून तर माझ्याकडं बघायचंच टाळायला लागली. पहिल्या खेपेला हीच पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून, "आत्याबाई, लात मारली बघा," म्हणत माझा हात पोटावर ओढून न्यायची.

पंधरवडाभरानं मुलगा म्हणाला, हिला माहेरी माजलगावला नेऊन आणतो, आईची आठवण काढतीय. सकाळी गेले, दिवे लागायच्या वेळेला परत.  दुसऱ्या दिवशी धुणं काढलं तर सुनेच्या परकराचा नेफा कडक झालेला. नखानं खरवडलं तर पांढरे पापुद्रे निघाले. खळ म्हणावी तर परकराला कोण खळ करतं? मी तो नेफा ओला करून बोटांत चोळला आणि बुळबुळीत लागलं. सोनोग्राफीच्या आधी पोटावर गार जेली लावतात, ती होती. माहेरी जाऊन आलेल्या बाईच्या परकराला ती जेली कशी लागली? मी परकर धुवून वाळत घातला.

उरलेलं शेजारणीनं पुरवलं. तिचा जावई संभाजीनगरला असतो. बाजाराच्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "काय वं बाई, तुमचा मुलगा-सून दिसले म्हन जावयाला, संभाजीनगरला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरत हुते."

"असतील," मी म्हटलं.

"बीडला काय मशीनी न्हाईत का?" असं म्हणून तिनं मेथीची जुडी झटकली. "पयली पोरगीच हाय ना? मग बरोबर हाय."

 राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. कारण हे आमच्या घरात एकदा झालेलं होतं.

माझी थोरली मुलगी दोन वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले. सासूबाई मला एका शहरात डॉक्टरकडं घेऊन गेल्या. तेव्हा ते मशीन नवंच होतं. पोटावर काहीतरी गार गिळगिळीत ओतलं, मी दचकले. बाहेर आल्यावर तिथली बाई सासूबाईंशी बोलली, माझ्याशी नाही. परतीच्या एसटीत सासूबाईंनी माझ्यासाठी केळी घेतली. एरवी त्या माझ्यासाठी काही घ्यायच्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात पुन्हा नेलं, आणि तेव्हा येताना माझ्या पोटात काही नव्हतं. नवरा घरात होता. तो काही बोलला नाही. गल्लीला सांगायला काहीतरी लागतंच, ते सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. दोन वर्षांनी हा मुलगा झाला, सासूबाईंनी गावभर पेढे वाटले.

आता हाच मुलगा बायकोला घेऊन हद्द ओलांडून गेला होता. मी ठरवलं, माझ्या देखत हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

तोंडावर विचारलं असतं तर दोघं खोटं बोलले असते. पोरांना शिकवताना एक कळलं होतं, की चोरी पकडण्यापेक्षा चोरीची संधी घालवणं सोपं. आमच्यात पाचव्या महिन्यात चोरओटी भरतात. नावाप्रमाणंच ती गुपचूप भरायची असते, घरातल्या घरात, दृष्ट लागू नये म्हणून. मी ती वाजतगाजत भरायची ठरवली. सगळी गल्ली बोलावली. शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी बोलावल्या, सरपंचाची बायको बोलावली, अंगणवाडीच्या बाई बोलावल्या, आशाताई तर मुद्दाम बोलावली आणि पुढं बसवली. गव्हाची खीर केली. हिरव्या बांगड्या भरल्या. हेतू एकच होता. ज्या पोटाची ओटी साऱ्या गावानं भरली आहे, ते पोट उद्या रिकामं झालं तर गाव विचारणार. आणि गावाला उत्तर देणं माझ्या मुलाच्या बापालासुद्धा जमलं नसतं.

"अवं, चोरओटीला कुनी एवढं बोलवतं का?" शेजारीण म्हणाली.

"आमी बोलवतो," मी म्हटलं.

ओटीत नारळ पडला आणि सून रडायला लागली. साधं डोळे पुसणं नाही, हुंदके देऊन. बायका म्हणाल्या, आईची आठवण आली असंल. मी तिच्या कपाळाला कुंकू लावत होते, माझा हात थांबला. खाई त्याला खवखवे, असं माझ्या मनात आलं.

तरी मला तिची दयासुद्धा यायची. पोरगी मुळात चांगली. माझा मुलगाच तिला ओढत नेत असेल, असं मी धरून चालले होते. म्हणून तिला धीर यावा, मुलगी असली तरी या घरात तिला जागा आहे हे कळावं, म्हणून मी एका संध्याकाळी जेवताना, भाकरी वाढता वाढता, दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मुलगा असो, मुलगी असो, आपल्याला काय? धडधाकट असो म्हणजे झालं."

किती साधं वाक्य. दहा घरांत दहा म्हाताऱ्या हेच म्हणतात. मला वाटलं, सुनेचा चेहरा खुलेल. तिनं घास ताटात ठेवला, उठली आणि मोरीत जाऊन हात धुतले. मुलानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या ताटात माती कालवली होती. त्या दिवसापासून सून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. मी दूध गरम करून दिलं तर आधी वास घ्यायची. माझ्याच घरात माझ्यावर संशय! मी तिच्या हालचालींवर नजर ठेवून होते आणि ती माझ्या हातातल्या प्रत्येक पेल्यावर.

पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा माजलगावचं नाव काढलं, तेव्हा मी आधीच लुगडं बदलून गाडीत जाऊन बसले होते. "मलाबी विहीणबाईला भेटायचंय," मी म्हटलं. मुलगा दाराशी उभा राहून डोकं खाजवत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती वेळ? शेवटी म्हणाला, "माजलगावला न्हाई, संभाजीनगरला चाललोय. दवाखान्यात."

"मग तिथं चला."

 दवाखान्यात भिंतीवर मोठी पाटी होती, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, कायद्याने गुन्हा आहे. मला त्या पाटीनं काही समाधान झालं नाही. ज्या दुकानात 'उधारी बंद'ची पाटी असते तिथंच सगळं गाव उधार नेतं, हे मी बघितलेलं आहे. दोघं आत गेले, मला बाहेर बसवलं. बराच वेळ लागला. मुलगी की मुलगा बघायला एवढा वेळ लागतो का? लागत नाही, हे मला माहीत होतं. माझ्या वेळी तर एक केळं खायला लागेल तेवढ्या वेळात झालं होतं. पण संशयी माणसाला न जुळणारी गोष्ट दिसली की तो ती बाजूला ठेवून देतो. मीही ठेवली.

बाहेर आल्यावर मी मुलाला कोपऱ्यात घेतलं. "काय दिसलं?"

"लेकरू दिसलं."

"कसं हाय?"

"कसं म्हंजे?" तो एकदम फणकारला. "तुला कावून पाहिजे ते? कसंबी असलं तरी आमचं हाय."

 गाडीत मागच्या सीटवर बसून ते वाक्य मी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. बायकोचं पोट रिकामं करायला निघालेला माणूस असं बोलेल का? नाटक करत असेल, असं म्हणून मी तेही वाक्य बाजूला ठेवलं.

सातवा महिना लागला, मग आठवा. पोट वाढत गेलं आणि माझी भीती कमी होत गेली, पण तपासण्या काही थांबेनात. आता कशाला जातात? विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

बाळंतपण बीडला झालं. मुलगी झाली. नर्सनं फडक्यात गुंडाळून आणली, मी बाळाकडं बघायच्या आधी मुलाच्या तोंडाकडं बघितलं. त्याचं तोंड पडलं असतं तर माझा संशय खरा ठरला असता. तोंड पडलं नाही. त्यानं बाळाच्या अंगावरून हात फिरवला आणि नर्सला विचारलं, "सिस्टर, लघवी झाली का हिला?"

मुलगी बघून बापानं काय विचारावं? वजन किती, गोरी का सावळी, गेली का कुणावर. हा लघवीचं विचारतो! मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं.

तेवढ्यात लहान मुलांच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई होत्या. त्यांनी बाळ दिव्याखाली घेतलं, बेंबीशी चिमटा लावलेली नाळ उचलली आणि कापलेल्या टोकाकडं वाकून बघितलं. "दोनच आहेत," त्या मुलाला म्हणाल्या. "सोनोग्राफीत दिसलं होतं तसंच."

"काय दोनच?" मी पुढं झाले.

डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. नाळेत तीन नळ्या असतात, एक मोठी शीर आणि दोन बारीक धमन्या. शिरेतून आईकडचं बाळाला येतं, धमन्यांतून बाळाकडचं परत जातं. हिच्या नाळेत धमनी एकच होती. पांढुरक्या चिकट टोकावर मला दोन काळपट ठिपके दिसले. एक जरासा मोठा, एक बारीक. अशी बहुतेक बाळं अगदी ठणठणीत असतात, असं त्या म्हणाल्या. काहींच्या किडनीत किंवा हृदयात दोष निघतो, काहींची पोटात वाढ कमी होते, म्हणून पाचव्या महिन्यात हे दिसल्यापासून पुन्हा पुन्हा तपासावं लागलं. हृदय बघायची सोय त्यांनी संभाजीनगरला सांगितली होती. हृदय चांगलं होतं. एक किडनी किंचित फुगलेली वाटत होती, तिची सोनोग्राफी दोन-तीन दिवसांनी करायची होती.

मी सुनेच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले. हद्द ओलांडून ते एवढ्यासाठी गेले होते. आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही, पण त्याच्या आधी मला राग आला.

"मला कावून सांगितलं न्हाई?" मी म्हटलं.

मुलगा सुनेकडं बघायला लागला. सून उशीला टेकून पडली होती, ओठ सुकलेले. तीच बोलली.

"तुमी पाडा म्हनाल म्हणून."

"मी?"

"तुमीच म्हन्लात की, धडधाकट असो म्हणजे झालं. आधीच भ्या हुतं, तवा तर पक्कं कळलं, तुमाला सांगायचं न्हाई. पाचव्या महिन्यात सांगितलं असतं तर तुमी ऐकलं नसतं."

"अगं, मी कशाला..."

"आई," मुलगा खाली बघत म्हणाला, "आज्जी सांगायची मला. माझ्या आधी एक राहिलं हुतं. त्यात दोष हुता, म्हणून तुझ्या आईनं ठिवलं न्हाई, असं म्हनायची. म्या हिला लग्न झाल्यावर सांगितलतं ते."

तर गल्लीला सांगितलं होतं ते हे. सासूबाईंनी माझ्या नावावर लावून दिलेलं, आणि माझ्याच मुलानं लहानपणापासून खरं मानलेलं. मी या दोघांपासून लेकराला राखत होते, आणि ते दोघं माझ्यापासून राखत होते. मी चोरओटी गावासमोर भरली, त्यांना वाटलं असेल ही म्हातारी गावाला साक्षी ठेवून काय डाव खेळतीय. माझ्या हातच्या दुधाचा वास तिनं कशासाठी घेतला, ते मला तेव्हा कळलं.  खरं काय ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते येईना. मी उठले आणि बाळंतिणीसाठी चहा आणायला गेले. तिनं चहा घेतला. वास नाही घेतला, एवढं मी बघितलं.

पुढचे दोन दिवस सून बाळाला माझ्याकडं द्यायची, पण तिची नजर माझ्या हातांवरच असायची. नाळ सुकत चालली होती, काळी आणि कडक. डॉक्टरांनी तिला तेल, हळद, काही लावायचं नाही म्हणून बजावलं होतं, फक्त कोरडी ठेवायची. मी लावीन अशी सुनेला भीती होती. मी लंगोटसुद्धा नाळेच्या खाली दुमडून बांधायचे, तिला दिसेल असं.

मग किडनीच्या सोनोग्राफीचा दिवस आला. या वेळी मला बाहेर बसवलं नाही, बाळाला धरायला माणूस पाहिजे होतं. अंधारी खोली, एक मशीन, तीच तरुण डॉक्टर आणि सोनोग्राफीचे दुसरे डॉक्टर. त्यांनी बाळाच्या पोटावर जेली ओतली, बाळ दचकलं. मला ते दचकणं ओळखीचं वाटलं. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं, त्यातून आम्हाला काय कळणार? मुलगा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा होता.

"दोन्ही किडन्या चांगल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "डावी जराशी फुगीर आहे. अशा पुष्कळदा आपोआप बऱ्या होतात. काही आठवड्यांनी परत बघू."

सून रडली, आणि या वेळी कशाला रडतीय असा प्रश्न मला पडला नाही.

मशीनवरचा हात तसाच ठेवून त्यांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. घरात कुणाला किडनीचा आजार? नाही. हृदयाचा? नाही. "घरात आधी कुणाचं मूल गेलंय का? पोटात, किंवा जन्मल्यावर? काही दोष असलेलं?"

मुलगा अडखळला. मग सवयीनं म्हणाला, "आईचं एक, माझ्या आधी. दोष हुता त्याच्यात."

"कसला दोष?" डॉक्टरांनी विचारलं. मुलाला माहीत नव्हतं. ते माझ्याकडं वळले. "आजी, कसला दोष होता?"

बाळाचे दोन्ही पाय माझ्या हातात होते. ते कोमट होते आणि सारखे झटके देत होते.

"दोष काही नव्हता," मी म्हटलं. "मुलगी होती. सासूनं पाडायला लावली. मला कुणी विचारलं नाही."

 मशीनचा बारीक आवाज येत राहिला. मी मुलाकडं बघितलं नाही, मला ते जमलं नसतं. डॉक्टरांनी पोटावरून यंत्र उचललं, झालं म्हणाले.

जेली पुसायला सुनेनं मऊ फडकं आणलं होतं. ते तिनं माझ्यापुढं धरलं. "आत्याबाई, तुमीच पुसा," ती म्हणाली, आणि नाळेला धक्का न लावता मी पोरीचं पोट पुसून घेतलं.